नमुना सही

"आजी, इथे कधी चोर आला होता का?"

पहिलाच प्रश्न हा. बावीस मुलं फरशीवर मांडी घालून बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर वही आणि वहीवर टेकवलेली पेन्सिल. सहीबाईंनी चष्मा पुसला आणि परत लावला.

"आले होते की. दोन. एक मांजर आणि एक खरा."

"खऱ्याने काय नेलं?"

"घड्याळ. तो जिन्यावरचा खिळा दिसतोय ना, तिथलं. तिजोरी काही त्याला उघडली नाही. इतकी खटपट करून रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बिचाऱ्याने घड्याळ नेलं. दुसऱ्या दिवशी किती वाजले ते कोणालाच कळेना. आमचे हेडक्लार्क सवयीने सारखे वर बघायचे आणि त्या खिळ्यावरच चिडायचे."

मुलं हसली. मागे खांबाला टेकून उभे असलेले मास्तरही हसले. मग बावीस पेन्सिली खाली वळल्या आणि 'घड्याळ चोरीला गेले' असं लिहिल्याचा बारीक खरखराट झाला. तो थांबताच तळघरातून आवाज आला. लाकडी खण ओढल्याचा. मग काहीतरी ओतल्याचा.

सहीबाईंनी जिन्याकडे पाहिलं आणि पुन्हा मुलांकडे पाहिलं. "हं, पुढचा प्रश्न?"

ही इमारत सत्तर वर्षं बचत बँक होती. मग ती बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत गेली आणि इमारत रिकामी झाली. काही दिवस विम्याचं ऑफिस, काही दिवस शिकवण्या, दोन वेळा कपड्यांचं प्रदर्शन, आणि मग नुसतं कुलूप. आता नगरपालिका इथे मुलांसाठी वाचनालय करणार होती. वाचनालयाच्या दारापाशी इमारतीचा इतिहास लिहून लावायचा आणि तो मुलांनीच लिहायचा, ही मास्तरांची कल्पना. इतिहास सांगायला माणूस हवं, म्हणून ते आठवड्यापूर्वी सहीबाईंच्या घरी गेले होते. वर्गात जाऊन गणित शिकवणं सोपं, पण या बाईंना तयार करणं अवघड जाणार, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. सहीबाई लगेच तयार झाल्या.

"येईन की. पण मला एकदा तळघरात जाऊ द्याल का? एक कार्ड बघायचंय."

"कसलं कार्ड?"

"जुनं आहे."

मास्तरांनी आणखी विचारलं नाही. काम करणाऱ्या ठेकेदाराच्या मुकादमाशी बोलून त्यांनी गुरुवारी दहाची वेळ ठरवली. आज गुरुवार. दहाला पाच कमी असताना सहीबाई आल्या, तर दारात ट्रक उभा.

"अहो मावशी, गाडी उद्या येणार होती, ती आजच आली," मुकादम म्हणाला. "मी तरी काय करू? कपाटं फर्निचरवाल्याने घेतलीत, आतला कागद रद्दीत. अकराला गाडी हलणार. तुमचं काय असेल ते आधी उरकून घ्या बघू."

सहीबाई तळघराच्या पायऱ्यांपाशी गेल्याही. तेवढ्यात पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवून, दोघादोघांच्या रांगेत मुलं आत आली आणि सगळी एका सुरात "नमस्ते आजी" म्हणाली. सहीबाई मागे फिरल्या. आधी कबूल केलेलं काम, मग आपलं. सारा जन्म त्या असंच करत आल्या होत्या.

म्हणून त्या आता सांगत होत्या. मोठ्या दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काउंटर होता, त्यावर पितळी जाळी होती. सोमवारी शिपाई ती चिंचेने घासायचा तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. काउंटरला चार खिडक्या होत्या.

"आता उठा आणि फरशी बघा. कुठे झिजलीये?"

मुलं उठली, ओणवी झाली. एकाने चप्पल काढून पायानेच चाचपलं.

"इथे! इथे खड्डा आहे!"

"ती दोन नंबरची खिडकी. सत्तर वर्षं माणसं तिथे उभी राहिली. काही बोलली, काही भांडली, बरीचशी नुसती ताटकळली. त्यांच्या पायांनी तो खड्डा पडलाय. नवी फरशी बसवायच्या आधी हे लिहून ठेवा."

"आणि ही पायरी कशाला, आजी? भिंतीला लागून?"

"ती तुमची. मुलांची खिडकी होती ती. मुलांचा हात काउंटरला पुरायचा नाही, म्हणून पायरी केली. शनिवारी सकाळी शाळेतली मुलं खातं उघडायला यायची. पायरीवर चढायची, नाक जाळीला लावायची आणि विचारायची, सही म्हणजे काय हो?"

"मग तुम्ही काय सांगायचात?"

विचारणारी दोन वेण्यांची मुलगी होती. तिने अजून वहीत एक अक्षरही लिहिलं नव्हतं, नुसती ऐकत होती. शिकवणाऱ्या माणसाला असं मूल लगेच ओळखू येतं. सहीबाई शिक्षिका नव्हत्या, पण त्या पायरीवर चढलेल्या शेकडो मुलांना त्यांनी सही शिकवली होती.

"ये इकडे. या कागदावर तुझं नाव लिही. लिहिलंस? आता त्याच्याखाली परत लिही. बघा रे सगळ्यांनी, दोन्ही सारखी आहेत?"

"हो!"

"नीट बघा."

"नाही! खालचं तिरकं गेलंय."

"बरोबर. कोणाचीही सही दोनदा तंतोतंत सारखी येत नाही. आलीच, तर समजायचं कोणीतरी वर कागद ठेवून गिरवली. माझं काम काय, तर माणूस खात्यातून पैसे काढायला आला की त्याच्या चिठ्ठीवरची सही आणि आमच्याकडच्या कार्डावरची नमुना सही शेजारी ठेवून बघायची. अक्षरं नाही बघायची. वळण बघायचं. पेन कुठे टेकलं, कुठे उचललं, कुठे जोर दिला. तीस वर्षं मी तेच केलं. म्हणून मला सहीबाई म्हणतात. माझं खरं नाव आता मलासुद्धा आठवावं लागतं."

खाली पुन्हा काहीतरी ओतल्याचा आवाज झाला. दोन माणसं खांद्यावर पोती घेऊन जिना चढून आली आणि दालनातून बाहेर गेली. एका पोत्याचं तोंड उघडं होतं, त्यातून फिकट पिवळ्या कार्डांची चळत दिसत होती. सहीबाई बोलता बोलता थांबल्या. पोतं दाराबाहेर जाईपर्यंत त्यांची नजर त्याच्यावर होती.

"आजी," दोन वेण्यांची म्हणाली, "तुमची कधी चूक झाली का?"

मास्तर खांबापासून पुढे आले. "अगं, असं विचारतात का मोठ्यांना?"

"विचारू दे की," सहीबाई म्हणाल्या. "इतिहास लिहितायत ना? मग सगळंच विचारायला हवं." त्या मुलांच्या पायरीवर बसल्या. "झाली. एकदा. मी नोकरीला लागून सहा महिने झाले होते. एक माणूस चिठ्ठी घेऊन आला. मी कार्ड काढलं. सही जुळेना. मी चिठ्ठी परत दिली आणि म्हटलं, नीट करा सही. त्याने परत केली. ती आणखीच बिघडली. मी परत दिली. तिसऱ्यांदाही तेच. तो म्हणाला, आज राहू दे. चिठ्ठीची घडी करून खिशात घातली आणि गेला."

"मग तो चोर होता?"

"नाही."

"मग चूक काय? सही जुळलीच नव्हती ना?"

"सही जुळली नव्हतीच. ते मी बरोबर पाहिलं. पण मी नुसती सहीच पाहिली. ज्या हाताने ती केली, तो हात पाहिला नाही. हात थरथरत होता. एका हाताने दुसरा दाबून धरून तो सही करत होता, आणि मी समोर दोन हातांच्या अंतरावर बसून कार्डात डोकं घालून होते."

कोणी लिहीत नव्हतं.

"तुम्ही त्याला ओळखत नव्हतात का?" दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं.

"ओळखत होते. माझे बाबा होते ते."

बाबा पाट्या रंगवायचे. गावभर त्यांची अक्षरं होती. दवाखान्यावर, शाळेवर, केस कापायच्या दुकानावर, 'येथे सायकली लावू नयेत' अशी ताकीद देणाऱ्या भिंतीवर. सहीबाई लहानपणी वाचायला शिकल्या त्या पुस्तकातून नाही. बाबांच्या सायकलवर पुढे बसून, एकेक पाटी वाचत. या बँकेच्या दारावरची पाटीही त्यांनीच रंगवली होती. बाकीचे रंगारी एकेक शब्द घेऊन त्याच्यावर रेघ देत. बाबा सगळी अक्षरं आधी उभी करायचे, मग शिडीवर तोल सांभाळत, श्वास रोखून, डावीकडून उजवीकडे एकाच ओढीत वरची रेघ मारायचे. शेवटी ती किंचित वर उचलायची. सहीसुद्धा तशीच. बँकेच्या कपाटात हजारो सह्या होत्या, पण ती सही बघायला हेडक्लार्क नव्या लोकांना मुद्दाम ते कार्ड काढून दाखवायचे.

त्या दिवशीच्या चिठ्ठीवर ती रेघ तीन ठिकाणी तुटली होती.

बाबा नेहमी थट्टेच्या सुरात यायचे. "अहो बाई, आमच्या गरिबाचं काम होईल का?" असं जाळीतून म्हणायचे. मुलगी बँकेत लागली याचा त्यांना फार अभिमान. त्या दिवशीही तसंच म्हणाले. चिठ्ठी पहिल्यांदा परत आली तेव्हा हसले. दुसऱ्यांदा परत आली तेव्हा मागच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "काय हो, मुलगीसुद्धा ओळख देईना?" त्यावर लोक हसले. सहीबाईंचे कान तापले. हेडक्लार्कच्या टेबलापाशी जाऊन 'साहेब, हे माझे वडील, एवढी चिठ्ठी मंजूर करा' म्हटलं असतं, तर त्यांनी डोळे मिटून आद्याक्षर ठोकलं असतं. पण वडिलांचं काम वशिल्याने केलं असं कोणी म्हणू नये, म्हणून त्या जागच्या उठल्या नाहीत. "बाबा, घाई कशाला करता? नीट करा ना," एवढं मात्र मोठ्याने म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बरं बाई," तिसऱ्यांदा बाबा म्हणाले. त्यात थट्टा नव्हती. "आज राहू दे."

त्यांना कशासाठी हवे होते पैसे, ते कधीच कळलं नाही. घरी त्यांनी तो विषय काढला नाही, सहीबाईंनीही काढला नाही. महिनाभराने बाबांनी ब्रश रॉकेलमध्ये स्वच्छ धुऊन बांधून ठेवले. विचारलं तर डोळे दुखतात म्हणाले. त्यानंतर लगेच सहीबाईंची दुसऱ्या गावच्या शाखेत बदली झाली. बाबा गाडीवर सोडायला आले. ट्रंक डाव्या खांद्यावर, उजवा हात खिशात. हात कशाने थरथरतो हे पुढे आईच्या पत्रातून कळलं, आणि बदलीच्या दुसऱ्या वर्षी बाबा गेले. आईने खातं बंद केलं. सहीबाई या इमारतीत परत आल्या तेव्हा बाबांचं कार्ड वरच्या कपाटात नव्हतं. बंद खात्यांची कार्डं तळघरात जायची. ती पाहायला अर्ज लागायचा आणि अर्जात 'कारण' असा एक रकाना असायचा. तीस वर्षांत त्यांना तिथे काय लिहावं ते सुचलं नाही.

आणि मधल्या काळात गावातल्या पाट्या गेल्या. काही पुसल्या, काहींवर नव्या आल्या, त्याही छापील. शेवटची राहिली होती ती एका रंगाच्या दुकानाची. गेल्या वर्षी ते दुकानच पाडलं. घरात त्यांच्या हातचं काहीच नव्हतं. पत्रं आईच लिहायची, बाबा खाली फक्त 'आशीर्वाद' सांगायचे. ते अक्षर, ती एका ओढीतली रेघ, आता जगात फक्त त्या कार्डावर होती. सहीबाईंना ती एकदा बघायची होती.

मुलांना त्यांनी यातलं अर्धंही सांगितलं नाही. "ते कार्ड खाली आहे," एवढंच म्हणाल्या.

"मग चला ना!" दोन वेण्यांची उभीच राहिली. तिच्याबरोबर सगळा वर्ग उभा राहिला.

मास्तरांनी घड्याळात पाहिलं. दहा चाळीस. "चला," ते म्हणाले.

तळघरात कपाटं उघडीबोडकी उभी होती. एकाही खणात काही नव्हतं. मधल्या मोकळ्या जागेत पाच पोती भरून ठेवलेली, दोन ट्रकवर गेलेली. सहीबाई शेवटच्या पायरीवर थांबल्या. कार्डं नंबरवार लावलेली असतील, खण ओढायचा, बोट फिरवायचं, कार्ड काढायचं, एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. सत्तर वर्षांचा क्रम कोणीतरी अर्ध्या तासात पोत्यात ओतला होता.

"आता यात कुठे शोधणार, मावशी?" मुकादम म्हणाला. त्यालाही जरा वाईट वाटलं असावं. "आधी सांगायचं तरी, कुठला खण ते."

"राहू दे," सहीबाई म्हणाल्या. त्या वळल्या. मागे पायऱ्यांवर बावीस मुलं दाटीवाटीने उभी होती, त्यामुळे त्यांना वर जाता येईना.

"नंबर काय आहे?" दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं.

"कसला?"

"तुमच्या बाबांच्या खात्याचा. आठवतोय?"

"एक्केचाळीसशे बहात्तर," सहीबाई विचार न करता म्हणाल्या. आणि मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पदर खोचला. "मास्तर, ती दोन पोती गाडीवरून उतरवून घ्या. मुलांनो, वह्या त्या कोपऱ्यात ठेवा. तिघातिघांना एक पोतं. राहील तो मास्तरांच्या बाजूला. कार्ड वाचायचं नाही, नाव बघायचं नाही, नाहीतर संध्याकाळ होईल. फक्त उजवा वरचा कोपरा. तिथे नंबर आहे. पहिले दोन आकडे चार आणि एक असतील तर ते कार्ड माझ्याकडे. नसतील तर मागे. कोपरे दुमडायचे नाहीत. समजलं?"

"हो!"

"मावशी, गाडीचा खोळंबा होतोय," मुकादम म्हणाला.

"वीस मिनिटं द्या हो."

"माझ्या हातात आहे का ते? ड्रायव्हर तिकडे शिव्या घालतोय."

"मग तुम्ही पण बसा. एक हात वाढला की तेवढं लवकर."

मुकादम एका पोत्यापाशी टेकला. तळघरात कार्डांची फडफड सुरू झाली. धूळ उडाली, कोणी शिंकलं, त्याच्यामागोमाग सगळेच शिंकायला लागले.

"एक्केचाळीस अकरा!"

"ठेव इथे."

"चौदाशे चालतं का? चार आणि एकच आहेत."

"आधी चार, मग एक. उलटं नाही, राजा."

"आजी, याच्यावर सही नाहीये, अंगठाच आहे!"

"त्यांना लिहिता येत नव्हतं. कोपरा बघ, कोपरा."

"आजी, याने सहीत फूल काढलंय!"

"ते शाळेतलं पोर असणार. मीच ओरडले असेन त्याला. कोपरा बघ गं बाई."

तेवढ्यात मुकादम म्हणाला, "अरे!" त्याने एक कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "हे तर आमच्या मामाचं. घर नंबर, गल्ली, सगळं तेच. मामा सही करायचा? मला वाटायचं, त्याला लिहिता येत नाही." तो ते कार्ड बराच वेळ बघत राहिला. मग उठून पायऱ्यांच्या तोंडाशी गेला आणि वर ओरडला, "ए ड्रायव्हर! चहा पिऊन ये जा! अजून वेळ आहे!" परत येऊन बसताना त्याने मामाचं कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं.

सहीबाईंच्या समोर एक्केचाळीसशेची कार्डं जमत होती. त्यांची बोटं सवयीने चालत होती. चव्वेचाळीस, एकोणपन्नास, साठ. एकसष्ट. सत्तर आलं. एकाहत्तर आलं. त्र्याहत्तर आलं. मधलं येईना. पाच पोती संपली. सहावं संपलं. मुलांचे हात काळे झाले होते, एकाच्या नाकावर काळा डाग. मास्तर बाह्या सरसावून शेवटच्या पोत्यात कोपरापर्यंत गेले होते.

"आजी."

दोन वेण्यांच्या मुलीचा आवाज हळू होता. "चार एक सात दोन. पण इथे दोन कार्डं आहेत. टाचणीने एकमेकांना लावलेली."

सहीबाईंनी हात पुढे केला.

वरचं कार्ड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टाचणीपाशी कार्ड उचलून आधी खालचं पाहिलं. हो. तेच. तीच अक्षरं, सरळ उभी, एकाच ओढीतली रेघ आणि शेवटी वर उचललेलं तिचं टोक. ज्यासाठी त्या आल्या होत्या ते. पण त्याच्यावर लाल शाईच्या दोन तिरक्या रेघा मारल्या होत्या. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, थेट सहीवरून. 'रद्द'.

"कोणी फुली मारली?" मुलीने विचारलं. तिला राग आला होता.

"नवं कार्ड केलं की जुनं रद्द करतात," सहीबाई म्हणाल्या. "नियमच आहे तो." मग त्यांनी वरचं कार्ड पाहिलं.

नमुना सही तीनदा घ्यायची पद्धत होती. एकाखाली एक तीन ओळी. पहिल्या ओळीत बाबांनी जुनीच सही करून पाहिली होती. रेघ वेडीवाकडी होत मध्येच खाली घसरली होती. दुसऱ्या ओळीत रेघ तुकड्यातुकड्यांनी मारली होती. तिसऱ्या ओळीत रेघच नव्हती. नुसती अक्षरं, एकमेकांपासून सुटी, मोठी, वाकडी, पण प्रत्येक पूर्ण.

खाली हेडक्लार्कच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'खातेदार समक्ष ओळखीचे. यापुढे रेघ नसलेली सही ग्राह्य धरावी.' शेजारी तारीख.

सहीबाईंनी तारीख दोनदा वाचली. ती तारीख त्यांना पाठ होती. दुसऱ्या गावच्या शाखेतला त्यांचा पहिला दिवस. आदल्या दिवशी बाबा ट्रंक खांद्यावर घेऊन त्यांना गाडीवर सोडायला आले होते, आणि दुसऱ्याच दिवशी इथे आले होते. मुलगी जायची वाट बघत थांबले होते. तिला पुन्हा चिठ्ठी परत करावी लागू नये, आणि तिने हे पाहूही नये, म्हणून. दोन नंबरच्या खिडकीपाशी उभे राहिले असतील, की हेडक्लार्कनी खुर्ची दिली असेल? एका हाताने दुसरा धरून बाबांनी स्वतःची सही नव्याने ठरवली होती. चाळीस वर्षं त्या समजत होत्या, की बाबा त्या दिवसानंतर या दारात आलेच नाहीत.

"यांनी डोक्यावरची रेघच दिली नाही," मुलगी कार्डात डोकावून म्हणाली. "आमच्या शाळेत रेघ नसली तर मार्क कापतात."

"कापायचेच," मास्तर म्हणाले, आणि मग वाकून ते कार्ड बघू लागले.

सहीबाई हसल्या. डोळे पुसायला हात वर गेला, पण हाताला काळं लागलं होतं म्हणून त्यांनी मनगटाने पुसले. "फार अवघड आहे गं, ही सही करणं. वरची सुंदर रेघ त्यांना सहज जमायची. ती सोडून द्यायला किती दिवस लागले असतील कोण जाणे."

"मग यातली खरी सही कोणती? ही का ती?"

सगळी मुलं भोवती गोळा झाली होती. सहीबाईंनी तीस वर्षं रोज शंभरदा या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. त्यांनी कार्ड थोडं लांब धरलं, जवळ आणलं, चष्म्याच्या वरून पाहिलं.

"ही," त्या म्हणाल्या, आणि तिसऱ्या ओळीखाली बोट ठेवलं.

गंजलेली टाचणी काढायला जरा वेळ लागला. जुनं कार्ड त्यांनी मुलीच्या हातात दिलं. "हे तुमच्या इतिहासात लावा. खाली लिहा, या इमारतीच्या दारावरची बँकेची पाटी यांनी रंगवली."

"लाल फुलीसकट?"

"फुलीसकट."

"आणि ते दुसरं?"

सहीबाईंनी मुकादमाकडे पाहिलं. त्याने नकळत स्वतःचा शर्टाचा खिसा चाचपला. "न्या हो मावशी," तो म्हणाला. "सात पोत्यांत एक कार्ड कमी झालं तर कोण मोजतंय."

सव्वाअकराला ट्रक हलला. मुलं पुन्हा दोघादोघांच्या रांगेत उभी राहिली. हात, गाल, गणवेश, सगळं काळं. मास्तर कोणाच्या आईला काय सांगायचं याचा विचार करत होते. सहीबाई दाराबाहेर आल्या. ऊन चांगलंच चढलं होतं. खांद्याला पर्स होती, पण पर्समध्ये कार्ड दुमडलं असतं.

"आजी, रिक्षा थांबवू का?" मास्तरांनी विचारलं.

"नको. चालते."

त्या फुटपाथवरून निघाल्या. कार्ड त्यांनी उजव्या तळहातावर आडवं ठेवलं होतं, अक्षरं वर करून, आणि डावा हात त्याच्यावर सावलीसारखा धरला होता. समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. त्या कोणाकडे बघत नव्हत्या. शाई अजून ओली असावी, जरा धक्का लागला तर पुसली जाईल, अशा बेताने त्या हळूहळू चालत होत्या.